जिच्या हातून सुटला

मुजावर मॅडमचा एकच नियम,
तोही कुठल्या फळ्यावर लिहिलेला नव्हता:
सामन्यात जिची चूक सगळ्यात महाग पडली
तिच्याकडे स्टोअररूमची किल्ली.
म्हणजे पहाटे सव्वापाचला तिनं यायचं,
चेंडूंचं जाळं ओढत बाहेर काढायचं,
दाबून हवा बघायची, कोर्ट झाडायचं.

मला पहिल्यांदा मिळाली तेव्हा शिक्षाच वाटली.
आईला म्हटलं, बाई खुनशी आहे.
आठवड्यानं लक्षात आलं,
अंधारात ते कुलूप उघडणारी मी एकटी,
आत सगळ्या क्लबचे चेंडू
आणि संध्याकाळी कोणी मोजून घेत नाही.

आमचं कोर्ट सांगलीत, नदीच्या अंगाला.
खांबावर पुराची रेघ, रिंगच्या हातभर खाली.
त्या वर्षी गाळ उपसताना
क्षितिजा हाक्केच्या खुरप्याला फ्री थ्रोची रेषा लागली,
तर अशी किंचाळली जणू मोहरांचा हंडा.
मॅडम गुडघाभर चिखलात, आमच्यातच.
लांबून बघणाऱ्याला
कोच कुठली ते ओळखू आलं नसतं.

मग साताऱ्याची फायनल.
अकरा सेकंद उरलेले.
गुणफलक पुठ्ठ्याचा,
आकडे उलटणारं पोरगं शेंगा सोलत मागे पडलेलं.
फलकावर आम्ही एकानं मागे.
माझ्या डोक्यात एकानं पुढे;
सुनयनाचं शेवटचं बास्केट मी मोजलं होतं.
मॅडम ओरडल्या, फाऊल कर, ऐवळे! फाऊल!
मला माहीत होतं.
तरी मी त्या पोरीचा हात धरला.

दोन फ्री थ्रो. दोन्ही आत.
चेंडू पुन्हा अर्ध्या कोर्टापलीकडे गेलाच नाही.

परतीची एसटी. कराड गेलं, पेठ नाका गेला,
भडंगाची पिशवी कोणी सोडली नाही.
किल्ली तेव्हा पल्लवी आवटीकडे,
संघातली सगळ्यात लहान, चार सामने बाकावर, कधी तोंड न उघडणारी.
ती उठली, दांडा धरून मधल्या वाटेत उभी राहिली.
एकदा माझ्याकडे बघे, एकदा मॅडमकडे.
हे नियमात नव्हतं.
मी हात पुढे केला.
मॅडमनीही केला.
आष्टा येईपर्यंत ती तशीच उभी,
गाडी वळली की किल्ली हलायची.

"तुला गुण माहीत होते?"
"हो."
"मग?"
"तुम्ही सांगितलं."

बाहेर ऊस, ऊस, टेप लावून चाललेला एक ट्रॅक्टर, पुन्हा ऊस.
बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
"चार वर्षं मी तुला हेच शिकवलं का गं?"
मला विचारलं की स्वतःला,
आजही ठरवता येत नाही.
किल्ली त्यांनी घेतली.

सकाळी पाचलाच मी भिंतीवरून आत उडी टाकली.
स्टोअरचं दार उघडं, खराट्याचा आवाज.
दुसरा खराटा होता, तो घेतला.
त्या तिकडून, मी इकडून,
मधल्या वर्तुळात धुळीला धूळ मिळाली.
"रेषेवरचं राहिलं बघ," म्हणाल्या,
बाकी काही नाही.

पुढचा सामना इस्लामपूरला.
तिसऱ्या क्वार्टरला त्यांची हाक आली, झोन!
आणि मी पळता पळता, सगळ्यांदेखत,
"नाही मॅडम! मॅन घेऊया, पाच नंबर बाहेरनं मारतीय!"

बाकावरच्या पोरींनी श्वास धरला.
पल्लवी मॅडमकडे बघत राहिली.
त्यांनी ओढणी खांद्यावरून काढून कमरेला बांधली.
"ऐकलं ना? मॅन."
आणि चक्क खाली बसल्या.

पाच नंबर माझ्याच वाट्याला होती.
तिनं बाहेरनं मारलाच नाही,
मला डावीकडं झुकवून उजवीकडनं गेली,
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही.

सामना संपल्यावर मॅडम आल्या.
काही न बोलता मूठ माझ्या तळहातावर उघडली.
किल्ली गरम होती.